शांताराम शांत का नव्हता?

*खच्ची केलेला घोडा म्हणजे गरीब घोडा, असं आम्ही धरून चाललो होतो. मे महिन्यात क्लबमध्ये आलेल्या एका घोड्यानं ही समजूत चार दिवसांत मोडीत काढली. पुढचे दोन महिने आम्ही घोड्याबद्दल जे शिकलो, ते कुठल्याही सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात नव्हतं.*

ट्रकचा फाळका खाली आला आणि आतून जो घोडा उतरला, त्याला पाहून आम्ही जरा हिरमुसलोच. रेसचा घोडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं काहीच नव्हतं. मान खाली, एक मागचा पाय सैल सोडलेला, आणि दहा-बारा पोरं मोबाइल रोखून उभी आहेत याचं त्याला सोयरसुतक नाही. कुणीतरी म्हणालं, ‘‘हा तर शांताराम आहे.’’ झालं, बारसं उरकलं.

पुण्याबाहेरच्या एका छोट्या रायडिंग क्लबमध्ये मी सकाळी साडेपाच ते आठ काम करते. काम म्हणजे खरारा करणं, लीद उचलणं, लहान मुलांच्या बॅचला मदत करणं. बदल्यात फुकटात घोडेस्वारी शिकायला मिळते. नऊला कॉलेज. लेक्चरला माझ्या शेजारी कुणी का बसत नाही, हे आता सगळ्या वर्गाला माहीत आहे.

मुंबईतला रेसचा सीझन एप्रिलमध्ये संपतो. ज्या घोड्यांचा वेग आता पुरत नाही, त्यांची विक्री वर्षभर चालू असते, पण सीझन संपला की जरा जास्तच. आमच्या सरांनी एका मध्यस्थामार्फत हा सहा वर्षांचा घोडा घेतला. उंची चांगली, पाय साफ, आणि मुख्य म्हणजे गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला नर. लहान मुलांच्या क्लबमध्ये अंडील घोडा, म्हणजे खच्ची न केलेला नर, कुणी ठेवत नाही. सांभाळायला अवघड. गेल्डिंग म्हणजे निर्धास्त. निदान आम्हाला असंच वाटत होतं.

चौथा दिवस

नवा घोडा सुरुवातीला गप्प असतो, हे तेव्हा आम्हाला कळायला हवं होतं. जागा नवी, माणसं नवी, वास नवे. तो अंदाज घेत असतो. चौथ्या दिवशी आमची राणी ही घोडी माजावर आली आणि शांतारामचा अंदाज घेऊन संपला.

पहाटे पाच वाजता त्याच्या खिंकाळण्यानं शेजारच्या सोसायटीचा वॉचमन जागा झाला. मान कमानीसारखी वळवून, शेपटी उंच करून तो कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होता. राणीनं जिथं मुतलं होतं तिथली माती हुंगून त्यानं वरचा ओठ उलटा केला. असा ओठ वळवलेला घोडा पाहून लोकांना वाटतं तो हसतोय. तो हसत नसतो. तो वास तोंडाच्या वरच्या बाजूला असलेल्या एका खास इंद्रियापर्यंत पोहोचवत असतो. तसं हे घोड्या आणि शिंगरंही करतात, त्यात काही विशेष नाही. विशेष हे होतं की तो एकाच जागी लीद टाकत होता, ती हुंगत होता आणि पुन्हा तिथंच टाकत होता. ही अंडील घोड्याची हद्द आखण्याची पद्धत.

दुपारपर्यंत त्यानं दोन घोड्यांमधलं लाकडी कुंपण तोडलं, गोटू नावाच्या आमच्या पोनीच्या मानेला चावा घेतला आणि राणीला कोपऱ्यात घेरून तिच्यावर चढण्याचा प्रयत्न केला. राणीनं दोन लाथा घातल्या म्हणून बरं. मोतद्दार मामांनी डोक्याला हात लावला. ‘‘सर, हा कसला गेल्डिंग? हा तर अंडीलच आहे. फसवलं तुम्हाला.’’

सातव्या दिवशी माझी पाळी आली. त्याला चरायला नेताना घोड्यांच्या वाड्यावरून जावं लागतं. मी दोराचा एक वेढा हाताला घेतला होता. घट्ट धरता यावा म्हणून. राणी फुरफुरली, शांताराम मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि दोर माझ्या हातात आवळला गेला. करंगळी मोडली, तळहाताची साल निघाली. पाचशे किलोच्या जनावराशी दोर बांधून घेतल्यावर दुसरं काय होणार? दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम मीच मोडला होता.

आईनं प्लॅस्टर पाहिलं आणि एकच वाक्य बोलली, ‘‘एकतर तो घोडा जाईल, नाहीतर तू.’’

सल्ल्यांचा पाऊस

त्यानंतरचे चार दिवस प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणे चंदी बंद करा, उपाशी राहिला की मस्ती उतरेल. कुणी म्हणे आगाडी-पिछाडी बांधून ठेवा. एका ओळखीच्या काकांनी चाबकाचा सल्ला दिला आणि वर, ‘‘याचं खच्चीकरण नीट झालेलंच नाही,’’ असंही सांगितलं. मध्यस्थाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘कापताना थोडं राहून गेलं असेल. होतं असं. परत पाठवा, पण निम्मेच पैसे मिळतील. आणि महिनाअखेरपर्यंतच.’’

पैशांपेक्षा दुसरा प्रश्न मोठा होता. परत गेला की कुठं जाणार? चावणारा, दोन पायांवर उभा राहणारा घोडा चांगल्या घरी कुणी विकत घेत नाही. तो हातोहात फिरत राहतो. प्रत्येक नव्या जागी जरा जास्त मार, जरा कमी खाणं आणि आधीच्यापेक्षा जास्त बिथरलेला स्वभाव. मामांनी असे घोडे पाहिलेत. ते म्हणाले, ‘‘चौथ्या मालकापर्यंत घोडा घोडा राहत नाही पोरी.’’

सरांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं ठरवलं. हातात अठरा दिवस होते. त्यांनी चाबकाऐवजी डॉक्टर मॅडमना फोन लावला.

आधी रक्त, मग मत

डॉक्टर मॅडमनी आल्याआल्या विचारलं, ‘‘याला खच्ची करताना तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?’’ कुणीच नाही. ‘‘मग तो गेल्डिंग आहे हे तुम्हाला कागदानं सांगितलंय. घोड्याला विचारू या.’’

मुद्दा साधा आहे. शिंगराचे वृषण जन्माच्या सुमारास पोटातून खाली उतरतात. काही घोड्यांमध्ये एक किंवा दोन्ही उतरतच नाहीत, पोटात किंवा जांघेत अडकून राहतात. अशा घोड्याचा फक्त खाली दिसणारा वृषण काढला तर बाहेरून तो गेल्डिंग दिसतो, पण आतला वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतच राहतो. वागणूक अर्थातच अंडील घोड्याची. २००३ साली अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकलेला फनी साइड हा असाच न उतरलेल्या वृषणाचा घोडा होता. त्याची मात्र शस्त्रक्रिया नीट झाली आणि १९२९ नंतर डर्बी जिंकणारा तो पहिला गेल्डिंग ठरला.

हे नुसतं चाचपून दर वेळी कळत नाही. त्यासाठी रक्ततपासणी. एक पद्धत अशी की आधी रक्त घ्यायचं, मग वृषणाला चालना देणारं एचसीजी हे हॉर्मोन टोचायचं आणि ठरावीक वेळानं पुन्हा रक्त घ्यायचं. आत कुठं वृषण असेल तर टेस्टोस्टेरॉन चढतं, नसेल तर ढिम्म राहतं. दुसरी तपासणी एएमएचची. बायकांमध्ये बीजांडांचा साठा पाहण्यासाठी जी करतात, तीच. नर घोड्यात हे हॉर्मोन फक्त वृषणात बनतं. म्हणजे रक्तात ते सापडलं तर आत काहीतरी आहे, नाही सापडलं तर विषय संपला.

आणि ते ‘थोडं राहून गेलं’ प्रकरण? मॅडम हसल्या. ‘‘ही समजूत जगभर आहे. वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी नळी राहून गेली म्हणून घोडा मस्तीला येतो, असं लोक म्हणतात. पण ती नळी टेस्टोस्टेरॉन बनवतच नाही. वृषण आहे किंवा नाही, मधलं काही नसतं.’’

आठवड्यानं रिपोर्ट आला. आत काही नव्हतं. शांताराम शंभर टक्के गेल्डिंग होता.

खरं सांगते, तो रिपोर्ट वाचून आम्ही निराश झालो. वृषण सापडला असता तर ऑपरेशन करून प्रश्न मिटला असता. आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं.

हॉर्मोन गेलं, सवय राहिली

जुनी कागदपत्रं नीट चाळल्यावर एक गोष्ट कळली. शांतारामला जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या पाचव्या वर्षी खच्ची केलं होतं. तोपर्यंत तो अंडील म्हणूनच पळत होता. खच्ची केल्यावर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच घसरतं. वागणूक मात्र एवढ्या लवकर घसरत नाही. ती विरायला आठवडे, कधी महिने लागतात आणि काही वेळा ती पूर्ण जातच नाही.

‘‘म्हणजे उशिरा खच्ची केल्यामुळेच हे झालं,’’ मी निकाल देऊन टाकला.

मॅडमनी तोही टिकू दिला नाही. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहान वयातच खच्ची केलेल्या घोड्यांपैकीही २० ते ३० टक्के घोडे माद्यांशी किंवा इतर घोड्यांशी अंडील घोड्यासारखे वागताना आढळले होते. माणसांवर आक्रमक होणारे होते सुमारे ५ टक्के. म्हणजे दर चार-पाच गेल्डिंगमागे एखादा शांताराम असतोच. नराच्या वागण्याचा पाया शिंगरू आईच्या पोटात असतानाच मेंदूत घातला जातो. हॉर्मोन त्याला जोर देतं, पण हॉर्मोन काढलं म्हणजे पाया खणून निघत नाही.

ही गोष्ट मला नंतर बराच वेळ छळत राहिली. आपण मराठीत ‘खच्ची करणं’ हा शब्द माणसाची उमेद मारण्यासाठी सर्रास वापरतो, जणू एका कापण्यानं आतलं सगळंच निघून जातं. १९८१ आणि १९८४ असा दोनदा अमेरिकेचा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरलेला जॉन हेन्री हा गेल्डिंगच होता. त्याच्या तापट स्वभावामुळे त्याला खच्ची केलं होतं. स्वभाव तसाच राहिला, फक्त शर्यती जिंकत गेला.

मग केलं काय?

मॅडमनी एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. तो कागद अजून तबेल्याच्या दारावर आहे.

पहिली, दुखणं शोधा. रेसच्या घोड्यांमध्ये पोटात अल्सर असणं अगदी सर्रास आढळतं. पाठीला खोगीर टोचत असेल, दात बोचत असतील तरी घोडा चावतो. शांतारामची पाठ आमच्या अरुंद खोगिराखाली खरोखरच दुखरी निघाली. खोगीर बदललं.

दुसरी, खाणं आणि काम यांचा मेळ घाला. तो पळत होता तेव्हाच्या हिशोबानं आम्ही त्याला धान्य घालत होतो आणि काम देत होतो अर्धा तास. चंदी कमी केली, सुकं गवत वाढवलं. उपाशी ठेवणं हा वेगळा प्रकार झाला. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी बनलेलं असतं. रिकामं राहिलं की अल्सर वाढतात आणि चिडचिडही.

तिसरी, जागा बदला. रेसचा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ एकटा खोलीत काढतो. कळपात कसं वागायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. हॉस्टेलवर कधीच न राहिलेल्या मुलाला एकदम दहा जणांच्या खोलीत टाकावं आणि वर मुलींच्या हॉस्टेलसमोरची खिडकी द्यावी, तसं आम्ही केलं होतं. त्याला घोड्यांच्या वाड्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला हलवलं. मध्ये एक नाही, दोन कुंपणं, जेणेकरून नाकाला नाक लागणार नाही. आणि सोबतीला दिला दादा. दादा हा आमचा एकोणीस वर्षांचा गेल्डिंग. कान मागे करून नुसतं बघितलं तरी समोरचा घोडा बाजूला होतो. पहिल्या दिवशी कुंपणाआडून ओळख, मग मोकळ्या मैदानात. गवताचे ढीग घोड्यांपेक्षा जास्त ठेवले, म्हणजे खाण्यावरून भांडण नको. शांतारामनं दादावर रुबाब करून पाहिला. दादानं एक लाथ हवेत मारली, लागू दिली नाही. शांताराम चार पावलं मागे सरला. मामा म्हणाले, ‘‘झाली अॅडमिशन.’’

चौथी गोष्ट आमच्यासाठी होती. ती सगळ्यात अवघड गेली. चावला की मामा चापट मारायचे, तो मान झटकून पुन्हा चावायचा. चापट-चावा, चापट-चावा. अंडील घोडे आपसात असेच खेळतात. म्हणजे आम्ही त्याला शिक्षा देत नव्हतो, खेळायला बोलावत होतो. आणि मी? मी रोज सकाळी त्याला हातानं गूळ भरवत होते. जीव लावते म्हणून. हाताकडे तोंड नेलं की काहीतरी मिळतं हे मीच त्याला शिकवलं होतं. बिघडवण्यात आमचाही हातभार होता, हे कबूल करायला करंगळी मोडावी लागली.

मग गूळ बंद, चापट बंद. त्याऐवजी रोज वीस मिनिटं जमिनीवरचे धडे. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, लांब दोर, कुठंही वेढा नाही. चल म्हटलं की चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं, दोन पावलं मागे जायचं, मान खाली घ्यायची. बरोबर केलं की त्याच क्षणी दोर सैल. हाच त्याचा खाऊ. त्याचं लक्ष राणीकडे गेलं की ओढाताण न करता त्याला पाय हलवायचं काम द्यायचं. वळ, थांब, मागे हो, पुन्हा वळ. घोडा आणि घोडी यांच्या मध्ये माणसानं कधीही उभं राहायचं नाही. आणि मामा, सर आणि मी, तिघांनीही तेच शब्द वापरायचे. एकानं लाड करायचे आणि दुसऱ्यानं मारायचं, हे बंद.

औषध नव्हतं का? होतं. काही घोड्यांना हॉर्मोनचं औषध देऊन हे वागणं थोडं दाबता येतं. पण मॅडमनी नको म्हटलं. औषध थांबवलं की सवय परत येते आणि ते औषध कातडीतूनही अंगात जातं, बायका-मुलींनी मोज्यांशिवाय हाताळायचं नसतं. ‘‘आधी माणसं शिकू दे,’’ त्या म्हणाल्या.

महिनाअखेर

तीस तारखेला मध्यस्थाचा फोन आला. शांताराम तोवर सुधारला होता असं नाही. आदल्याच दिवशी त्यानं एक बादली चावून फोडली होती. पण दोराला तो आता झटके देत नव्हता, थांब म्हटलं की दहातून सात वेळा थांबत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या प्लॅस्टरकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाले, ‘‘राहू दे. ठेवतोय.’’

आता जुलै संपत आलाय. मैदानात चिखल आहे आणि शांताराम-दादा ही जोडी पावसात पाठ वाऱ्याकडे करून शेजारी शेजारी उभी असते. एकमेकांची मान खाजवतात. राणी दर एकवीस-बावीस दिवसांनी माजावर येते तेव्हा पाच-सहा दिवस याचं डोकं अजूनही फिरतं. ओरडतो, कुंपणाला धरून चालतो, एकाच जागी लीद टाकतो. तेवढे दिवस त्याला एकटे मामाच हाताळतात. लहान मुलांच्या बॅचला तो कधीच मिळणार नाही, हे ठरलंय. पण मोठ्यांच्या बॅचमध्ये त्याच्यासारखं कॅन्टर दुसऱ्या कुणाचं नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती एकदा येऊन लांबूनच बघून गेली. जाताना म्हणाली, ‘‘दिसतो तर गरीब.’’ मी काही बोलले नाही.

घोडा घेणार असाल तर…

क्लबसाठी, एन.सी.सी.च्या हौसेतून किंवा चार मित्रांनी मिळून घोडा घ्यायचा विचार असेल, तर एवढं विचारा:

● कधी खच्ची केला? कोणत्या वयात? कागदावर तारीख आहे का?

● आतापर्यंत कुणासोबत राहिला? एकटा, कळपात की घोड्यांशेजारी?

● घोडी जवळून नेल्यावर कसा वागतो? हे विचारू नका, समोर करून दाखवायला सांगा.

● घेण्याआधी तुमच्या ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासणी करा. शंका असेल तर रक्त तपासा.

● आल्यावर निदान दोन आठवडे वेगळा ठेवा. आजार पसरत नाही आणि स्वभावही कळतो.

● पहिल्या तीन दिवसांच्या शांतपणावर त्याचं नाव ठेवू नका.